त्यांच्या भाषणातली मुलगी

मला सूड घ्यायचा होता. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. राग आला होता, वाईट वाटलं होतं, अपमान झाला होता, असं सगळं म्हणून पाहिलं. तेवढ्यानं भागत नाही. आमच्या मॅनेजरांनी माझी एक फजिती आपल्या भाषणाची सुरुवात म्हणून वापरायला घेतली आणि चार वर्षं वापरली. ती त्यांच्या तोंडातून काढून घ्यायची, एवढंच मला हवं होतं.

त्यांच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी बेंगळुरूतल्या, इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात, नव्या भरतीच्या स्वागताच्या कार्यक्रमात, मागच्या बाजूला बसले होते. आमची कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. कोणत्या यंत्रावर किती माल बाद होतो, केव्हा होतो, ते दाखवणारं. दर तीन-चार महिन्यांनी नवी मुलं येतात आणि मॅनेजर त्यांच्यासमोर अर्धा तास बोलतात. बोलतात सुंदर. पुण्याचे आहेत, इंग्रजी स्वच्छ, आवाज खालच्या पट्टीतला; हातात कागद असतो पण त्याकडे कधी बघत नाहीत. त्या दिवशी ते पुढे आले, काही न बोलता थोडा वेळ नुसते उभे राहिले, आणि मग इंग्रजीत म्हणाले, "माझ्या टीममध्ये एक मुलगी होती. तुम्ही नावही ऐकलं नसेल अशा गावातून आलेली."

होती म्हणे. मी तिथंच होते की.

पुढचं त्यांनी असं सांगितलं. ही मुलगी मोठ्या ग्राहकासमोर पहिल्यांदा बोलायला उभी राहते. दोन्ही हात जोडते. खोलीत चार माणसं, पण ती 'आदरणीय अध्यक्ष' म्हणून सुरुवात करते. थरथरत दहा मिनिटं बोलते, आणि शेवटी, होसकोट्याच्या कानडी प्लांट हेडसमोर, मूठ आवळून म्हणते, "जय हिंद, जय महाराष्ट्र." ग्राहकाचा चेहरा पडतो. काम हातचं जाणार. तेवढ्यात मॅनेजर उठतात आणि शांतपणे म्हणतात, "आणि जय कर्नाटक, सर." सगळे हसतात, काम मिळतं. बोध असा की, बोलण्याआधी श्रोत्यांना ओळखा.

नवी मुलं पोट धरून हसली. शेजारच्या मुलीनं हसता हसता माझ्या हातावर चापट मारली. तिला काही ठाऊक नव्हतं. किस्सा संपल्यावर सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. मूळ फजितीची तेवढी कधी वाटली नाही.

मूळ हकीकत सांगते. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील लग्नांना आणि सभांना लाउडस्पीकर भाड्यानं देत. शाळेत मराठीचे गुरुजी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला दहा-पंधरा मुलांना भाषणं लिहून देत, पाठ करून घेत. सुरुवातीला व्यासपीठावरच्या सगळ्यांना मानानं हाक मारायची, मगच विषयाला हात घालायचा. आणि शेवटी "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद, जय महाराष्ट्र" हे म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. एकदा एक मुलगा ते विसरून खाली बसला, तर गुरुजींनी त्याला परत उभं करून ते वाक्य म्हणायला लावलं होतं. मला कुणी चेष्टेनं गुरुजींबद्दल विचारलं तर राग येतो. बोलायला उभं राहताना पाय कुठं ठेवायचे, हे त्या माणसानं मला शिकवलं. दुसरं कोण शिकवणार होतं?

नोकरीला लागून पाच महिने झाले होते. बेंगळुरूबाहेर, होसकोट्याच्या त्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग तयार होतात. मी तिथं आठवडाभर जाऊन बसले होते आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. एका यंत्रावरचा बाद माल जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासात वाढत होता. सुट्टीत यंत्र थंड पडायचं आणि पुन्हा तापेपर्यंतचे नग मापात बसायचे नाहीत. हे मी एका तक्त्यात मांडलं होतं. कारखान्याची माणसं आमच्या ऑफिसात आली तेव्हा मॅनेजर म्हणाले, तूच सांग. मी गुरुजींच्या साच्यात इंग्रजी भाषण बसवलं, पाठ केलं, आणि मॅनेजर सांगतात तसंच बरंचसं झालं. अध्यक्ष खरंच कुणी नव्हतं. 'जय हिंद' म्हटल्यावर जीभ थांबली नाही, हेही खरं. मूठ मात्र आवळली नव्हती.

तेव्हा ते प्लांट हेड, साठीच्या आसपासचे गृहस्थ, हातातलं पेन टेबलावर ठेवून मला म्हणाले, "जय कर्नाटक." आणि गालातल्या गालात हसले. मग म्हणाले, "बस अम्मा. पाणी पी. तो चौथ्या पानावरचा तक्ता परत दाखव. हे कुणी शोधलं?"

मी म्हणाले, मी.

पुढचे दोन महिने मी बसनं होसकोट्याला जात होते, कारण त्यांनी सांगितलं होतं की काम द्यायचं तर हीच मुलगी पाठवा.

म्हणजे मॅनेजर सरांच्या किस्स्यातून तक्ता गेला, होसकोट्याचे दोन महिने गेले, आणि पाहुण्यांचं, म्हणजे प्लांट हेडचं, सगळ्यात चांगलं वाक्य सरांनी स्वतःच्या तोंडी घातलं. उरली मूठ आवळलेली मुलगी.

मी लगेच जाऊन भांडले नाही, त्याला कारण होतं. आमच्या कॉलेजात कंपन्या फिरकत नसत. सर आले होते. माझ्या मुलाखतीत मी अडखळले तेव्हा त्यांनी इंग्रजी सोडून मराठीत प्रश्न विचारले आणि मला निवडलं. मी बेंगळुरूला आहे ती त्यांच्यामुळे. आईनं त्यांच्यासाठी दोनदा शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. ज्यानं हात धरून वर घेतलं त्याच्याशी भांडायची भाषा आमच्या घरात कुणी शिकवलेली नाही.

पण किस्सा पुन्हा झाला. मग पुण्याच्या पाहुण्यांसमोर झाला, मग एका कॉलेजात झाला. तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो किस्सा."

"कुठला?"

"जय महाराष्ट्रचा."

"अगं हो, सॉलिड चालतो ना?" ते खूश झाले. "आणि सर काय गं सारखं? नावानं हाक मार, किती वेळा सांगितलं."

"सर, तो माझा आहे."

"नाव कुठं घेतलं तुझं? नाव घेतलं तर ऑब्जेक्शन घे. ॲक्च्युअली तुला अभिमान वाटला पाहिजे. ओपनिंगला माणूस लागतो. आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत."

"पण 'जय कर्नाटक' तुम्ही म्हणाला नव्हता. पाहुणे म्हणाले होते."

मला वाटलं, आता ओशाळतील.

"असेल," ते म्हणाले. "पण गोष्टीत ते माझ्या तोंडीच शोभतं."

मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. नाव घेतलं नव्हतं हे खरं, पण ऑफिसात अशा गोष्टी कळायला किती वेळ लागतो? कॉफीच्या मशीनपाशी नागपूरचा एक मुलगा मला रोज विचारायचा, "काय मॅडम, होऊन जाऊ द्या दोन शब्द?" मीटिंगमध्ये माझं बोलणं संपलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "जय महाराष्ट्र." वाईट मुलं नव्हती. हसून सोडून द्यावं असंच ते होतं, आणि मी वर्षभर हसून सोडत होते.

आमच्या ऑफिसात दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत भाषणाचा क्लब भरतो. तो चालवतात आमच्या ॲडमिनमधल्या एक बाई. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, दारात कन्नड. सगळं ऑफिस त्यांना अक्का म्हणतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, कशाला शिकायचंय? इथं सगळे सांगतात की आत्मविश्वास वाढवायचाय. मी खरं ते सांगितलं.

"एकाला उत्तर द्यायचंय, अक्का."

"मग बस," त्या म्हणाल्या. "रागानं आलेली माणसं सोडून जात नाहीत. आत्मविश्वासवाली दोन बुधवारात पळतात."

मी तिथं तीन वर्षं शिकले, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सुडासाठी शिकले. क्लबात वाटलेल्या पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं की माणूस बोलणाऱ्याचं तीन कारणांनी ऐकतो. बोलणाऱ्यावर विश्वास बसला म्हणून, मन हललं म्हणून, किंवा मुद्दा पटला म्हणून. जुन्या ग्रीक लोकांनी केलेली विभागणी आहे, असं अक्कांनी सांगितलं. बाकीचे ते उतरवून घेत होते. मी वहीत सरांचं भाषण मांडत होते. मुद्दा त्यांच्या किस्स्यात नव्हताच. तक्ता तर त्यांनी काढूनच टाकला होता. मन हलवायला माझी थरथर होती. आणि विश्वास? बघा, कसा प्रसंगावधानी माणूस, कसं काम वाचवलं. माझ्या फजितीवर त्यांची पत उभी होती. एवढं स्वच्छ मला आधी कुणी समजावलं नव्हतं.

मग थांबायला शिकले. आमच्याकडे भाषणात थांबला म्हणजे विसरला. गुरुजी पडद्याआडून पुढचा शब्द फेकत. इथं अक्का सांगत, "अगं स्वल्प थांब की. पळतीयस कुठं? त्यांना ऐकायला वेळ दे." सर बोलायच्या आधी नुसते उभे का राहतात, ते मला तेव्हा कळलं. लोक गप्प होईपर्यंत गप्प राहायचं, की पहिलं वाक्य आपोआप मोठं वाटतं. मी सकाळी राहत्या जागेच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर थांबायचा सराव केला. वाक्याचा शेवट वर न नेता खाली आणायचा, हात पोटापाशी बांधून ठेवायचे नाहीत, श्रोत्यांपैकी एकाच्या डोळ्यांत एक पूर्ण वाक्य बोलायचं, मग दुसऱ्याकडे वळायचं. सरांचे कार्यक्रम मी आता चुकवत नव्हते. अकरा वेळा ऐकला तो किस्सा. कोणत्या शब्दावर हशा येतो आणि ते किती वेळ थांबतात, हे मला त्यांच्यापेक्षा पक्कं ठाऊक झालं.

तिसऱ्या वर्षी एका बुधवारी सर क्लबात पाहुणे म्हणून आले. क्लबाची एक रीत आहे. प्रत्येक भाषणानंतर एक जण उठून त्या भाषणाचं मूल्यमापन करतो. तीन मिनिटं. आधी चांगलं सांगायचं, मग उणं, शेवटी पुन्हा चांगलं. आणि मूळ वक्त्यानं त्यावर एक शब्द बोलायचा नाही, खाली बसून ऐकायचं. मूल्यमापनासाठी मी नाव दिलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता लिहून घेतलं.

सरांनी तोच किस्सा सांगितला. मी उठले, लोक गप्प होईपर्यंत थांबले.

"सुरुवात उत्तम होती," मी म्हणाले. "श्रोते दुसऱ्या वाक्यालाच ताब्यात आले. एक दुरुस्ती सुचवते. दुसऱ्याचं वाक्य वापरलं तर त्याचा उल्लेख करावा. 'जय कर्नाटक' वक्ते म्हणाले नव्हते, पाहुणे म्हणाले होते. मला आठवतंय, कारण ती मुलगी मी आहे."

कुणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडलं. मी तक्त्याबद्दल सांगितलं, होसकोट्याच्या दोन महिन्यांबद्दल सांगितलं, आणि रीतीप्रमाणे शेवटी चांगलं म्हणून "वक्त्यांचा आवाज फार छान आहे" असं म्हणून बसले. मग हशा झाला, टाळ्या झाल्या. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. हात जोडून सगळ्यांकडे पाहून त्यांनी मान लववली. नागपूरचा मुलगा बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, आपण तर एकदम मारूनच टाकलं." त्या दिवशी मी संध्याकाळी पायी घरी गेले. मला वाटत होतं, संपलं.

महिन्याभरानं स्वागताचा कार्यक्रम झाला. सर पुढे आले, थांबले. "माझ्या टीममध्ये एक मुलगी होती." सगळा किस्सा तसाच, मुठीसकट. आणि शेवटी नवं शेपूट लावलेलं. "तीन वर्षांनी त्याच मुलीनं भर सभेत उठून मला सांगितलं, सर, ते वाक्य तुमचं नव्हतं. मित्रांनो, अशी संस्कृती आम्ही इथं घडवली आहे."

टाळ्या आधीपेक्षा जास्त वाजल्या. आता ते प्रसंगावधानीही होते आणि मोठ्या मनाचेही. माझा सूडसुद्धा त्यांच्या भाषणात जाऊन बसला होता, आणि तिथं तो छान शोभत होता.

जेवणाच्या खोलीत मी अक्कांना म्हणाले, "मी काही केलं तरी ते त्यांच्या पानात पडतंय."

"कारण तू नेहमी नंतर बोलतीयस," अक्का म्हणाल्या. "काय बोलायचं ते सगळ्यांना कळतंय गं. केव्हा, हे कळायला स्वल्प टाइम लागतो."

हे नीट उलगडलं ते वडिलांशी बोलताना. रविवारी सकाळी मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. इतकी वर्षं घरी काही बोलले नव्हते; त्यांना वाटेल, एवढ्या मोठ्या साहेबाविरुद्ध पोरगी काय बोलतीय. पण ते शांतपणे ऐकत राहिले. मंचाच्या बाजूला ॲम्प्लिफायरपाशी बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची भाषणं ऐकलेली.

"सभेत काय व्हायचं माहितीये का," ते म्हणाले. "मोठा पुढारी यायला उशीर करायचा. तवर गावातला बारका माईक धरायचा. मोठ्याचं भाषण त्याला पाठच असायचं, दहा सभांत ऐकलेलं. ते सगळं ह्यानंच बोलून टाकायचं. मोठा आला की माईकपाशी जाऊन म्हणायचा, माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे. आन बसायचा खाली."

"मग बारक्याचं काय व्हायचं?"

"काय व्हायचंय? पुढच्या खेपंला तोच उभा राहायचा." मग म्हणाले, "पर बोलताना मोठ्याची तारीफ करायची हां. शिवी दिली की लोकं मोठ्याकडं जातात."

स्वागताच्या कार्यक्रमात सरांच्या आधी एक परिचय असतो. कुणीतरी मोबाईलमध्ये बघून तीन ओळी वाचतं: यांचं शिक्षण, यांचा अनुभव, टाळ्या. कार्यक्रमाची आखणी अक्कांकडे असते.

"परिचय मला द्या," मी म्हणाले.

"दोन मिनिटं."

"सहा पाहिजेत."

"सहा मिनिटात काय करणारायस?"

"परिचय, अक्का."

"सरी, घे सहा," त्या म्हणाल्या. "पण एक शब्द खोटा बोललीस तर मी मध्येच खाली बसवीन."

खोटं राहायला नको म्हणून मी होसकोट्याच्या त्या प्लांट हेडना फोन केला. ते आता निवृत्त झालेत. मी विचारलं, तुमचं वाक्य सांगितलं तर चालेल का, आणि तुम्हाला तो दिवस आठवतो का.

"नेनपिदे अम्मा, नेनपिदे," ते म्हणाले. म्हणजे आठवतंय, आठवतंय. मग हसून इंग्रजीत म्हणाले, "तुझा सर तेव्हा मान खाली घालून फोन बघत होता. तुला ओळखतच नाही असा."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा टेबलाकडे बघत होते. हे वाक्य परिचयात घालायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी घातलं नाही. त्यांची दया आली म्हणून नव्हे. अति झालं की ऐकणारे उलटतात, म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. सर पहिल्या रांगेत, हातात कागद. मी पुढे गेले, पाय गुरुजींनी शिकवले तसे ठेवले, आणि थांबले. सगळे शांत झाले.

"मी तुम्ही नाव ऐकलं नसेल अशा गावातून आले," मी म्हणाले.

सरांनी मान वर केली.

मी त्यांचा परिचय करून दिला. खराखुरा. जिथं कुणी येत नव्हतं त्या कॉलेजात ते आले, मी अडखळले तेव्हा माझ्या भाषेत बोलले, हे सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज भरून आला. तो मी आणलेला नव्हता. मग म्हणाले की सरांनी मला पहिल्यांदा ग्राहकासमोर उभं केलं आणि मी काय केलं ते ऐका. चार माणसं आणि 'आदरणीय अध्यक्ष'. तिथं सर थांबतात तेवढीच थांबले. हशा आला. 'जय हिंद, जय महाराष्ट्र.' तिथं ते थांबतात त्यापेक्षा थोडी जास्त थांबले. हशा मोठा आला, आणि तो माझा होता. पाहुण्यांचं वाक्य पाहुण्यांना दिलं. पाणी, तक्ता, थंड पडणारं यंत्र, होसकोट्याची बस, सगळं आलं. मग क्लबातलं मूल्यमापन सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "भर सभेत चूक दाखवली तरी सर मोठ्यानं हसले. ते म्हणतात, अशी संस्कृती त्यांनी इथं घडवली आहे. ती तुम्ही आता त्यांच्याकडूनच ऐका."

शेपूटसुद्धा त्यांच्यासाठी ठेवलं नाही.

टाळ्या वाजत असताना सर उठून आले. माईक घेतला. नेहमीसारखे न बोलता उभे राहिले. पण यावेळचं थांबणं वेगळं होतं; मी तीन वर्षं थांबणं शिकले होते, मला फरक कळत होता. ते शोधत होते. "थँक यू," ते म्हणाले. "सो." मग हातातला कागद उघडून त्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना कागदाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. "वेल, तिनं बहुतेक सगळं सांगितलंच आहे," ते म्हणाले, आणि थेट कंपनीच्या शाखा कुठं कुठं आहेत तिथं गेले. वीस मिनिटं वाचत राहिले. पुढच्या रांगेतली मुलं सातव्या मिनिटाला फोन बघू लागली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते संध्याकाळी वाटलं. त्या वीस मिनिटांत जे वाटलं ते गोड होतं, आणि मी ते शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं.

अक्का बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "भागली भूक?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"खोटं नाही बोललीस. चूक काढायला मला जागाच ठेवली नाहीस," त्या म्हणाल्या. यात कौतुक किती होतं ते मला कळलं नाही.

त्या वर्षीच्या माझ्या कामाच्या अहवालात सरांनी 'टीममध्ये मिसळण्याची गरज' असा शेरा लिहिला. मी सही करून तो परत दिला. माझ्याशी ते नीट वागत होते, थोडे जास्तच नीट. नागपूरच्या मुलानं 'दोन शब्द' म्हणणं बंद केलं.

पुढच्या भरतीच्या चार दिवस आधी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तोच कागद होता, वरचा अर्धा भाग कोरा.

"बस," ते म्हणाले. "मुद्दाम केलंस ना तू ते?"

"हो सर."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "तो किस्सा आता काही मला सांगता यायचा नाही. सांगायला गेलो की तूच दिसतेस." पेनाचं टोपण त्यांनी काढलं, परत लावलं. "क्लबात शिकलीयेस तू सगळं. सांग ना मग, सुरुवात कशानं करू?"

उत्तर मला माहीत होतं. क्लबात दुसऱ्याच महिन्यात शिकवतात. स्वतःची फजिती सांगायची, दुसऱ्याची नाही. प्रत्येकाकडे एक तरी असते, आणि ती सांगणाऱ्याला श्रोते काहीही माफ करतात. खाली मान घालून फोन बघत बसलेल्या एका माणसाची गोष्ट त्यांच्याकडे होती. ती त्यांनी सांगितली असती तर नवी मुलं हसली असती, आणि मग गप्प झाली असती, आणि त्यांना ती जन्मभर पुरली असती.

ते माझ्याकडे बघत होते. खरोखर विचारत होते. त्या माणसाला मी पहिल्यांदाच प्रश्नाचं उत्तर माहीत नसलेला पाहत होते.

"बघा सर," मी म्हणाले. "सुचेल काहीतरी."

आणि उठून माझ्या जागेवर आले.